रंग मारण्याआधी गंज काढा

संत्रा बागायतदाराला बोर्डो मिश्रणाची एक परीक्षा पाठ असते. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. मिश्रण तयार झाले की घासून लखलखीत केलेला विळा त्यात थोडा वेळ बुडवायचा. विळ्यावर तांबूस थर धरला तर चुना कमी पडला, अजून निवळी टाका. हे आम्ही प्रत्येक मेळाव्यात सांगतो आणि बागायतदार तसे करतातही. पण तो थर कशाचा, हे सहसा कोणी विचारत नाही. तो तांब्याचा असतो. मोरचुदातले तांबे लोखंडावर बसते आणि त्या बदल्यात विळ्याचे लोखंड विरघळून जाते. थोडक्यात, मोरचूद लोखंड खाते.

आता आपल्या दारातल्या ट्रॅक्टरकडे पाहा. वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात त्याला बारमाही काम. फवारणीचा पंप त्यालाच जोडायचा, युरिया-पोटॅशची पोती त्याच्याच ट्रॉलीत, शेणखत त्यातच आणि संत्र्याचे क्रेटही त्यातच. या साऱ्याचा खार लोखंडावर बसतो आणि रात्रीच्या दवाने ओला होतो. नुसत्या पाण्याने जो गंज सावकाश चढतो, तो खाराच्या ओलीने कितीतरी लवकर चढतो.

मग येतो दसरा. आदल्या दिवशी ट्रॅक्टर-ट्रॉली धुवायची, गंजलेल्या भागावर ऑइल पेंटचा हात मारायचा, झेंडूचा हार घालायचा आणि नारळ फोडायचा. पूजा करूच नका, असे कोण म्हणेल? ज्याच्यावर घर चालते त्याला हात जोडावेतच. पण गंजावर मारलेला रंग म्हणजे चिघळत्या जखमेवर बांधलेली कोरी पट्टी. वरून छान, आत काम चालूच. शिवाय रंगाखाली तडा असेल, तर तो पुढच्या दसऱ्यापर्यंत दिसत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे, की लोखंड घासायचे ते चमकवण्यासाठी नव्हे, पाहण्यासाठी. ट्रॉलीची हूक आणि पिन, कमानपाटे, स्टिअरिंगचे रॉड, चाकाचे बोल्ट हे भाग तुटले तर नुसते काम थांबत नाही. त्या ट्रॉलीत सकाळी तोडणीला जाणारी बायामाणसे बसलेली असतात. ट्रॉली माल वाहण्यासाठी आहे, माणसे बसवू नयेत, हे खरेच. पण रस्त्यावर रोज काय दिसते, ते आपण सगळेच जाणतो.

तडा पाहायची एक जुनी युक्ती आहे. पूर्वी रेल्वेच्या कारखान्यांत तेल आणि खडूच्या भुकटीने अशीच तपासणी करत. पार्ट आधी स्वच्छ करा. मग तो काही तास डिझेलमध्ये बुडवून ठेवा. बाहेर काढून कोरड्या फडक्याने लख्ख पुसा आणि वर खडूची बारीक पूड पसरा. थोड्या वेळाने पांढऱ्या पुडीवर केसासारखी काळपट रेघ उमटली, तर तिथे तडा आहे. आत शिरलेले डिझेल त्या फटीतून पुन्हा वर येते. शाळेतल्या एका खडूत हे काम होते. अशी हूक किंवा पिन वेल्डिंग करून पुन्हा लावू नका, बदला. रेघ उमटली नाही म्हणजे सदासर्वकाळची हमी मिळाली असे मात्र नाही. पण मोठा दोष बहुधा हाती लागतो.

स्वच्छ करायचे कसे? चिखल आणि जुने ग्रीस आधी लाकडी पट्टीने खरवडा, मग डिझेल आणि ब्रश. पेट्रोल नको. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरत जाते आणि कुठे तरी पेटलेली बिडी किंवा चूल गाठते. धुतलेले डिझेल डब्यात झाकून ठेवा. गाळ खाली बसला की वरचे निवळ पुन्हा धुण्यास चालते.

गंजासाठी घरातलाच उपाय आहे. आपल्या माउल्या तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासतात. आंबटपणा धातूवरचा मळ सोडवतो, तोच गुण लिंबूसत्त्वात आहे आणि ते किराणा दुकानात मिळते. १ लिटर गरम पाण्यात ५० ते १०० ग्रॅम टाकून प्लास्टिकच्या टोपल्यात गंजलेला पार्ट काही तास बुडवा. मधूनमधून पाहा, तारेच्या ब्रशने घासा. मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढा, उन्हात वाळवा आणि लगेच तेलाचा हात द्या. उघडे लोखंड तासाभरातही पुन्हा पिवळे पडते. रंग द्यायचा असेल तर तेल न लावता लगेच प्रायमर द्या. कमानपाटे आणि जास्त टणक बोल्ट मात्र आंबट पाण्यात टाकू नका, असे पोलाद त्याने ठिसूळ होऊ शकते. त्यांना तारेचा ब्रशच बरा. ॲल्युमिनियमच्या भागांना कॉस्टिक सोडा लावू नका, तो ॲल्युमिनियमच खातो.

काहीजण सरळ ॲसिड आणतात. गंज झटपट निघतो, हे मान्य. पण त्याच्या वाफेने छातीला त्रास होतो आणि खोलीतले पाने-पक्कडही गंजतात. सर्वात वाईट म्हणजे उरलेले ॲसिड शीतपेयाच्या बाटलीत भरून कोनाड्यात ठेवले जाते. तहानलेल्या पोराला त्यातले काय कळते? २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या उघड्या विक्रीवर बंधने घातली, ती काही उगीच नव्हेत.

दोन गोष्टींना घरी हात लावू नका. डिझेल पंप आणि नोझल जाणत्या पंपवाल्याकडेच न्या, तिथे केसाहून बारीक फरकाचे काम असते. आणि जुन्या ब्रेक लायनरची धूळ फुंकून उडवू नका. तिच्यात ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसा.

फवारणी पंपाचे भाग वेगळे धुवा, हातमोजे घालून. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले, ते विसरता येत नाही. औषधाचा अंश नळीत, वायसरात बसून राहतो. ते पाणी विहिरीजवळ किंवा नाल्यात सोडू नका. आपला तालुका भूजलाच्या अतिउपशाने आधीच बदनाम आहे. जे थोडे पाणी उरले, ते तरी चांगले राहू द्या.

यावर उत्तर ठरलेले असते. "कायले घासत बसता साहेब, एक डबा रंग मारला का झालं. नाही तं भंगारात देऊ." पण भंगारात दिलेला पार्ट नंतर मिळेलच असे नाही. एचएमटीचेच पाहा. पिंजोरच्या कारखान्यात १९७१ पासून झेटरच्या तंत्रावर हे ट्रॅक्टर बनत होते. २०१६ मध्ये केंद्र सरकारने तो विभाग बंद करायचे ठरवले. ज्यांच्या दारात तो ट्रॅक्टर आजही उभा आहे, त्यांच्यासाठी जुना असली पार्ट हा भंगार नव्हे, ठेव आहे.

आता थोडे आमच्या बाजूचे. २०१४-१५ मध्ये कृषी यांत्रिकीकरणाचे उप-अभियान सुरू झाले, नव्या यंत्रांना अनुदान मिळू लागले. चांगलेच झाले. पण मेळाव्यात चर्चा होते ती नव्या यंत्राचीच, घरातले यंत्र टिकवायची कोणी काढत नाही. मध्य प्रदेशात नर्मदाकाठी बुदनीला १९५५ पासून ट्रॅक्टरचे सरकारी प्रशिक्षण केंद्र आहे. सालदारावर बाग असलेला माणूस तिथवर कसा जाणार? आयटीआयमध्ये ट्रॅक्टर मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे, अकोल्याच्या कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकीची माणसे आहेत. दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी ही मंडळी, आमचे खाते आणि गावचा मिस्त्री एका पारावर बसले, तर एका दिवसात गावातल्या सगळ्या ट्रॉल्यांच्या हुका तपासून होतील. त्याला योजना लागत नाही, खर्चही फारसा नाही. ग्रामपंचायतींनी बोलवावे. आम्हीही बोलावण्याची वाट न पाहता जायला हवे.

तोवर, शेतकरी बंधूंनो, एवढे करा. पेंटचा डबा आणायला बाजारात जाल तेव्हा शंभर ग्रॅम लिंबूसत्त्व, एक तारेचा ब्रश आणि दोन खडू घेऊन या. आधी हूक काढा, घासा, खडू लावून पाहा. रंग त्यानंतर.