छायेवाचून छायाचित्र

ज्या कुणी ‘फोटोग्राफ’ला मराठीत ‘छायाचित्र’ हा शब्द दिला, त्याला मी मनोमन नमस्कार करतो. मूळच्या ग्रीक शब्दात प्रकाशाचे नाव आहे. आपण छायेचे घेतले. प्रकाश काय, तो सगळीकडेच पडतो. पण चित्राला आकार येतो तो सावलीने, हे त्या नावात सांगून टाकले आहे. हल्ली मात्र एका नव्या खटपटीने ही छायाच छायाचित्रातून हद्दपार होऊ लागली आहे, आणि ऐन सणात मला तिच्याविरुद्ध चार कडू शब्द बोलायचे आहेत. नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट फोडून जिभेला लावण्याची आपली रीतच आहे. तेव्हा वाचक रागावणार नाहीत अशी आशा आहे.

या खटपटीला ‘एचडीआर’ म्हणतात. तिचे मर्म समजायला आमच्या अंबरनाथचे शिवमंदिर पुरे आहे. शिलाहारांच्या काळातले, शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० मधले हे मंदिर काळ्या पाषाणाचे. पावसाळ्यात त्याच्यामागे पांढरेफटक आभाळ असते. आभाळाच्या मापाने कॅमेरा लावला, तर मंदिराचा कोळसा होतो; दगडाच्या मापाने लावला, तर आभाळ करपून कोरा कागद होतो. चांगल्या कॅमेऱ्याची झेप फार तर चौदा पायऱ्यांची, आणि प्रत्येक पायरीला उजेड दुप्पट. छापील कागदाला तर त्यातल्या निम्म्याही पेलत नाहीत. म्हणून एकाच जागेवरून तीन चित्रे घ्यायची, एक आभाळासाठी, एक मधले, एक दगडासाठी; आणि संगणकाने त्यांतून एक शिजवायचे.

कल्पना जुनीच आहे. फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५०च्या दशकात समुद्राची काही चित्रे अशीच केली. आभाळाची काच वेगळी, पाण्याची वेगळी. पुढे १९९७ साली बर्कलीच्या पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी तिला गणिताचा भक्कम पाया दिला. २०१० मध्ये ती आयफोनमध्ये आली, आणि आज बरेचसे फोन हा उद्योग आपल्याला न विचारताच उरकून टाकतात.

मीही तो करून पाहिला. निवृत्तीनंतर मुलाने कॅमेरा दिला होता आणि हाताशी वेळ होता. काठावरच्या कठड्यावर कॅमेरा टेकवून मंदिराची तीन चित्रे घेतली, ती एकत्र केली, आणि खरे सांगतो, डोळे भरून आले. चाळीस वर्षे ज्या भिंतीवरून नजर नुसती घसरत गेली, तिच्यावरची एकेक मूर्ती पुढे येऊन उभी राहिली. तेव्हा मी या विद्येचा वैरी नाही. सुरी भाजी चिरते म्हणून घरात असावी. पण ती कुठे चालते आहे यावर घरच्यांचे लक्षही असावे.

माझी सुरी चुकीच्या जागी चालली. मंदिराच्या पायथ्याशी वालधुनी वाहते. कारखान्यांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी वर्षानुवर्षे पोटात घेऊन ती उल्हासनगरमधून कल्याणकडे जाते. संध्याकाळी तिच्यावर फेस तरंगत होता. मी सवयीने तीन चित्रे घेतली आणि शिजवली. तीन क्षणांचा फेस एकमेकांत मिसळून पिंजलेल्या कापसासारखा झाला. पाण्यावरचा तांबूस तवंग मावळतीचे प्रतिबिंब होऊन बसला. उल्हासनगरला छापायला दिले, तेव्हा दुकानदार प्रेमाने म्हणाला, “साईं, रंग अजून थोडा वाढवू? लोकांना आवडतं.” मी म्हटले, वाढवा.

ते चित्र एका दिनदर्शिकेच्या मुखपृष्ठावर गेले. ‘आपली नदी, आपला अभिमान’ अशी ओळ खाली घालण्यात आली. मी चार दिवस फुशारक्या मारत हिंडलो.

पाचव्या दिवशी आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी भिंतीवर ते पाहिले. त्यांचे घर नदीच्या अगदी काठाला.

“काका, ही कुठली ओ नदी?”

“वालधुनी. तुमच्या दारातली.”

“काहीतरीच! माझ्या दारातली मला ठावूक नाय का?” त्या चित्राशी गेल्या, बराच वेळ पाहत राहिल्या, आणि शांतपणे म्हणाल्या, “येवढी छान दिसते म्हटल्यावर साफ कोण करनार, काका?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

आमची रसिक मंडळी मात्र निरुत्तर होत नाहीत. त्यांचा पहिला दावा असा की, डोळ्याला जसे दिसते तसेच आम्ही दाखवतो. साफ खोटे! डोळा आभाळ पाहतो, मग दगडाकडे वळतो, बाहुली जरा मोठी होते, आणि मग मूर्ती उमटते. त्या वळण्याला वेळ लागतो. पाहणे म्हणतात ते त्यालाच. तुमच्या चित्रात सारे एकदम, सारखेच उजळ. ज्या आभाळातून उजेड येतो त्याच्यापेक्षा खालचा दगड अधिक चकाकतो, आणि मंदिराच्या कडेने नको तिथे प्रभावळ उमटते. कोणत्या डोळ्याने पाहिले हे?

दुसरा दावा अॅन्सेल अॅडम्सचा. तोही अंधारखोलीत उजळ-काळे करीतच होता, म्हणतात. होय, करीत होता. परंतु त्याने आणि फ्रेड आर्चरने १९४०च्या सुमारास जी झोनची पद्धत बसवली, तिची पहिली पायरीच मुळी ठार काळी आहे. काळे कुठे राहू द्यायचे हे ठरवणे हीच त्याची कला. तुम्ही ती पायरीच खणून काढली!

तिसरा दावा सगळ्यांत गोड: सणासुदीला लोकांना सुंदर हवे असते, त्यात कुणाचे काय बिघडते? बिघडते. बदलापूरला माझ्या एका नातेवाइकाने घर घेतले ते जाहिरातीतला चंदेरीचा सुळका पाहून. चित्रातले धुके असे काही पुसले होते की सुळका गॅलरीच्या कठड्यावर येऊन बसला होता. प्रत्यक्षात तो वर्षातले कितीतरी दिवस धुरकटात असतो. डोंगर जवळ आणता येतो, तसा नदीचा पूरही लांब सारता येतो. २०१९च्या जुलैत याच उल्हास नदीच्या पुराने बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून पडली होती. नदीकाठचे घर विकणाऱ्या चित्रात ते पाणी कधी दिसेल काय?

साध्या एका चित्रालाही सगळे सांगता येत नाही, हे मला मान्य आहे. वास तर कोणत्याच चित्राला येत नाही. पण न सांगणे वेगळे आणि उलटे सांगणे वेगळे.

माझे मागणे थोडे आहे. दिनदर्शिका, जाहिरात, नगराचे प्रदर्शन, जिथे चित्र साक्षीला उभे आहे, तिथे ते तीन चित्रांचे मिळून केले आहे असे खाली स्वच्छ छापावे. आणि घरोघरी एवढेच करून पाहावे: आज अंगणात पणती लावाल, तेव्हा फोनमधली ती सोय बंद करून एक चित्र घ्या, चालू करून दुसरे घ्या, आणि दोन्ही मुलांपुढे ठेवा. दुसऱ्यात अंगणाचा कोपरान्‌कोपरा दिसेल. पणती कशाला लावली होती, ते मात्र कळणार नाही.

ती दिनदर्शिका मी उतरवली आहे. तिच्या जागी वालधुनीचे एकच चित्र लावले आहे, फेसासकट, न शिजवलेले. घरी येणारे पाहुणे म्हणतात, दिवाळीत हे काय लावलेत? मावशी म्हणाल्या, “हां, ही आमची.”