विश्लेषण : अमेरिकी नागरिकाशी लग्न झाले तरी ‘जे-१’ डॉक्टरांना ग्रीन कार्डसाठी तीन वर्षे का थांबावे लागते?

अमेरिकी नागरिकाशी लग्न झाले की ग्रीन कार्ड मिळालेच, असा सर्वसाधारण समज आहे. मात्र जे-१ व्हिसावर रेसिडेन्सीसाठी गेलेल्या डॉक्टरांना हे गणित लागू होत नाही. मायदेशी परतण्याची अट माफ करून घेताना यातील अनेकांनी तीन वर्षे ठरावीक भागात काम करण्याची हमी दिलेली असते. मग जोडीदाराने अर्ज भरायचा कधी? घाई केली तर काय होते?

परतण्याची अट काय आहे?

जे-१ व्हिसावर वैद्यकीय प्रशिक्षण घेणाऱ्या डॉक्टरला अमेरिकी इमिग्रेशन कायद्याचे कलम २१२(ई) लागू होते. प्रशिक्षणानंतर त्याने मायदेशात एकूण दोन वर्षे राहणे अपेक्षित असते. तोपर्यंत एच-१बी किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने ज्या ‘स्किल्स लिस्ट’मुळे अनेक जे-१ धारकांवर ही अट येत होती, तिच्यातून भारताला वगळले. त्यामुळे कित्येक भारतीय संशोधक मोकळे झाले. डॉक्टरांना मात्र त्याचा उपयोग नाही. त्यांच्यावरची अट यादीमुळे नव्हे, तर वैद्यकीय प्रशिक्षण घेतल्यामुळे येते.

ही अट माफ कशी होते?

सर्वाधिक परिचित मार्ग म्हणजे ‘कॉनराड ३०’. नॉर्थ डकोटाचे सिनेटर केंट कॉनराड यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये ही योजना सुरू झाली. यात प्रत्येक राज्य वर्षाला ३० डॉक्टरांची शिफारस करू शकते. त्या बदल्यात डॉक्टरने टंचाईग्रस्त भागात, एच-१बी व्हिसावर, आठवड्याला ४० तास, अशी तीन वर्षे सेवा द्यायची असते. ग्रामीण अमेरिकेतील अनेक रुग्णालये याच डॉक्टरांच्या भरवशावर चालतात.

लग्नामुळे ही तीन वर्षे टळतात का?

नाही. इथेच गोंधळ होतो, कारण लग्नावरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डचे दोन वेगळे टप्पे आहेत. पहिला, आय-१३०. हा अर्ज अमेरिकी जोडीदार भरतो आणि नाते खरे आहे एवढेच त्यातून सिद्ध होते. दुसरा, आय-४८५. हा खुद्द डॉक्टरचा ग्रीन कार्डचा अर्ज. पहिला अर्ज तीन वर्षे सुरू असतानाही भरता येतो. दुसरा मात्र सेवा पूर्ण झाल्यावरच. इतर अनेक जोडपी दोन्ही अर्ज एकत्र भरतात. ते पाहून डॉक्टर दाम्पत्यानेही तसेच केले, तर आय-४८५ फेटाळला जाण्याचा धोका असतो आणि भरलेले शुल्क परत मिळत नाही.

मग आय-१३० कधी भरावा?

डॉक्टर अजून जे-१ वर असेल, तर जपून. या व्हिसासाठी ‘मी मायदेशी परतणार आहे’ हे दाखवावे लागते. आय-१३० दाखल असताना भारतात येऊन नव्याने व्हिसा शिक्का घ्यायची वेळ आली, तर तोच अर्ज अडचणीचा ठरू शकतो. एच-१बीवर ही अडचण राहत नाही. त्या व्हिसावर असताना कायम राहण्याचा इरादा ठेवायला कायद्याने मुभा आहे. म्हणून एच-१बीवर गेल्यावर आय-१३० आणि सेवा संपताच आय-४८५, हा क्रम सोयीचा ठरतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, डॉक्टरची सेवा १ ऑगस्ट २०२३ ला सुरू झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये लग्न झाले. सेवा ३१ जुलै २०२६ ला संपेल. त्यानंतर आय-४८५ भरता येईल. ग्रीन कार्ड मिळतेवेळी लग्नाला दोन वर्षे झाली नसतील, तर दोन वर्षांचे सशर्त कार्ड मिळते. पुढे आय-७५१ भरून ती अट काढावी लागते. मंजुरी डिसेंबर २०२६ नंतर आली, तर थेट दहा वर्षांचे कार्ड. म्हणजे थांबण्याचा थोडा फायदाही होऊ शकतो.

लग्नाच्या आधारे तीन वर्षांची सेवा टाळता येते का?

एक मार्ग आहे, पण अवघड. अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदाराला वा मुलांना असाधारण हालअपेष्टा होतील, हे आय-६१२ अर्जातून सिद्ध करावे लागते. तेही दोन्ही बाजूंनी : कुटुंब भारतात आले तर आणि डॉक्टर एकटा परतला तर. नुसता विरह पुरेसा मानला जात नाही. हा मार्ग मंजूर झाला, तर तीन वर्षांच्या सेवेचे बंधन येत नाही.

नोकरी मध्येच सुटली तर?

कारणाशिवाय करार मोडला, तर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट पुन्हा मानगुटीवर बसते आणि लग्नावरून केलेला अर्जही अडतो. रुग्णालय बंद पडण्यासारखे कारण असेल, तर उरलेला काळ दुसऱ्या टंचाईग्रस्त ठिकाणी पूर्ण करता येतो. त्यासाठी नव्या मालकाला एच-१बी अर्ज करावा लागतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या एक लाख डॉलरच्या एच-१बी शुल्कानेही चिंता वाढवली. अमेरिकेतच राहून जे-१ वरून एच-१बी दर्जा मिळालेल्यांना ते लागू नाही, असा खुलासा ऑक्टोबरमध्ये झाला. मात्र हा बदल मंजूर होण्याआधी देशाबाहेर पडल्यास शुल्काचा प्रश्न उभा राहू शकतो.

लक्षात काय ठेवायचे?

नोकरीच्या वाटेने ग्रीन कार्ड मिळायला भारतीयांना वर्षानुवर्षे रांगेत थांबावे लागते. अमेरिकी नागरिकाच्या जोडीदाराला अशी रांग नाही. म्हणूनच घाईचा मोह होतो. पण एच-१बीची साधारण मुदत सहा वर्षांची, त्यातली तीन सेवेत जातात. उरलेल्या काळात आय-४८५ सहज बसतो. तोपर्यंत पगाराच्या पावत्या, डब्ल्यू-२ आणि रुग्णालयाचे सेवा पूर्ण केल्याचे पत्र जपून ठेवणे महत्त्वाचे. तीन वर्षे खरोखर भरली, हे शेवटी याच कागदांवरून ठरते. प्रत्येकाच्या तारखा वेगळ्या असल्याने अर्ज भरण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घेतलेला बरा.