टोपीखालचा बचावपटू : वॉल्ट फ्रेझिअर आणि अपुरी दप्तरे

८ मे १९७०. न्यूयॉर्कचे मॅडिसन स्क्वेअर गार्डन. एनबीएच्या अंतिम मालिकेतला सातवा, निर्णायक सामना; समोर लॉस एंजेलिस लेकर्स. मांडीचा स्नायू दुखावलेला निक्सचा कर्णधार विलिस रीड लंगडत मैदानात येतो, संघाच्या पहिल्या दोन्ही बास्केट करतो आणि सभागृह दणाणून जाते. अमेरिकेच्या क्रीडास्मृतीत हा सामना आजही रीडचाच आहे.

धावफलक मात्र वेगळी साक्ष देतो. रीडचे गुण ४. वॉल्ट फ्रेझिअर नावाच्या २५ वर्षांच्या गार्डचे गुण ३६, असिस्ट १९, रिबाउंड ७. फ्री थ्रो १२ मिळाले, बाराही आत गेले. निक्स ११३–९९ असे जिंकले आणि संघाला पहिले विजेतेपद लाभले. मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान रीडला मिळाला, त्यात गैर काही नव्हते. दुखापतीपूर्वी संघाचा भार त्यानेच वाहिला होता. परंतु त्या एका रात्रीचा इतिहास लिहिताना लंगडत्या पावलांपुढे ३६ आणि १९ हे आकडे दिसेनासे व्हावेत, हे न्यायाचे नव्हे.

त्याहून मोठा अन्याय दप्तराचा आहे. त्या रात्री फ्रेझिअरने प्रतिस्पर्ध्यांचा चेंडू किती वेळा हिसकावला, याची अधिकृत नोंदच नाही. एनबीएने ही मोजणी १९७३–७४ च्या हंगामापासून सुरू केली. तोवर फ्रेझिअरचे सहा हंगाम सरले होते. त्या मोजणीतला पहिला अव्वल खेळाडू पोर्टलंडचा लॅरी स्टील. (आडनावाचा योगायोग गमतीचा आहे खरा.) आज कोणी केवळ आकड्यांची यादी चाळून श्रेष्ठ बचावपटू शोधू लागला, तर फ्रेझिअर त्याला बराच खाली सापडेल.

मग त्याचा बचाव थोर होता, हे कशावरून म्हणायचे? साधने आहेत. लीगमधील सर्वोत्तम बचावपटूंचा संघ १९६९ पासून निवडला जाऊ लागला. ही निवड प्रशिक्षक करत, म्हणजे ज्यांचे डाव हा माणूस उधळत असे तेच. पहिल्या सातही वर्षी फ्रेझिअर त्या संघात होता, आणि त्यांपैकी पाच वर्षे मोजणी सुरू होण्यापूर्वीची आहेत. मोजमाप नसलेल्या काळात समकालीनांची साक्ष किती मोलाची असते, हे इतिहासाच्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

या बचावाचा उगम शिक्षेत आहे. अटलांटात, वर्णभेदाच्या कायद्यांखाली, नऊ भावंडांतला थोरला म्हणून वाढलेला हा मुलगा सदर्न इलिनॉय विद्यापीठात गेला. १९६५–६६ मध्ये अभ्यासात मागे पडल्यामुळे त्याला सामने खेळण्यास बंदी झाली. प्रशिक्षक जॅक हार्टमन यांनी सरावात त्याला वर्षभर फक्त बचावाचे काम दिले. चेंडू हाती न घेता समोरच्याचे हात, पाय, नजर वाचत राहण्याचे ते वर्ष! पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, त्याच्या संघाने गार्डनमध्ये एनआयटी स्पर्धा जिंकली, आणि निक्सने त्याला निवडले.

न्यूयॉर्कमधले पहिले दिवस बरे गेले नाहीत. खेळ जमेना, तेव्हा तो मनाच्या समाधानासाठी उत्तम कपडे घेऊ लागला. रुंद काठाची एक टोपी त्याने घेतली. सहकाऱ्यांनी थट्टा केली. त्याच सुमारास ‘बॉनी अँड क्लाइड’ हा चित्रपट पडद्यावर आला आणि दरोडेखोर नायकाचे ‘क्लाइड’ हे नाव त्याला कायमचे चिकटले. पुढे फर कोट आले, रोल्स रॉइस आली, १९७३ मध्ये त्याच्या नावाचा प्यूमाचा स्वेड बूटही आला.

येथे एक गैरसमज रूढ झाला : फ्रेझिअर म्हणजे झगमगाट, आणि बचाव ही त्याची जोडकला. वस्तुतः दोहोंचा स्वभाव एकच होता. अंगाला अंग घासून अडवणे त्याला रुचत नसे. तो किंचित दूर राही, चेहऱ्यावर काही उमटू देत नसे, आपण गाफील आहोत असे भासवी. समोरच्याने निर्धास्त होऊन चेंडू आपटला की हात विजेसारखा येई. मैदानावरची ही घाई नसलेली ऐट आणि रस्त्यावरची ऐट वेगळी काढता येत नाही.

२८ नोव्हेंबर १९६९ चा सामना पाहावा. सलग १८ व्या विजयाच्या विक्रमासाठी निक्स क्लीव्हलंडमध्ये सिनसिनाटी रॉयल्सशी खेळत होते. १६ सेकंद उरले असताना ते १००–१०५ असे मागे. रीडने दोन फ्री थ्रो टाकले. बॉब कूझीचा पास डेव्ह डीबुशरने पळवून बास्केट केली. मग सुटलेला चेंडू फ्रेझिअरने झडपला आणि शेवटच्या दोन सेकंदांत दोन फ्री थ्रो शांतपणे आत टाकले. १०६–१०५. त्या १६ सेकंदांतले चेंडू पळवणेही कोणत्याच अधिकृत रकान्यात नाही.

अर्थात या विस्मृतीत त्याचा स्वतःचाही वाटा आहे. क्लाइडची प्रतिमा त्याने हौसेने मिरवली आणि विकलीही. १९७३ चे दुसरे विजेतेपद त्या झगमगाटातच साजरे झाले. १९७७ मध्ये संघाने त्याला क्लीव्हलंडला धाडून दिले, तेव्हा झगमगाट कामी आला नाही. दुखऱ्या पायांनी तीन हंगामांत तो तेथे अवघे ६६ सामने खेळला.

१९७४ मध्ये आयरा बर्को यांच्यासह त्याने ‘रॉकिन स्टेडी’ हे पुस्तक काढले. त्यात कपडे कसे निवडावेत हेही आहे आणि चेंडू कसा हिसकावावा हेही.