शाळा ते व्यावसायिक संघ : मधला जिना कोण बांधणार?

सांगली, प्रतिनिधी -
अमेरिकेतील ॲक्रन शहरातील एका शाळेच्या बास्केटबॉल संघातून लेब्रॉन जेम्स २००३ मध्ये थेट व्यावसायिक स्पर्धेत उतरला, तेव्हा तो अवघा १८ वर्षांचा होता. महाविद्यालयाची पायरी त्याने ओलांडली. त्याच्या शालेय सामन्यांनाही प्रेक्षक आणि दूरचित्रवाणी लाभली होती. पुढे २००६ पासून तेथे किमान वयाची अट १९ करण्यात आली. गुणवान मुलाला वर कसे न्यावे, यावर तेथे नियमांनी वाद होतो. सातारा-सांगलीत प्रश्न त्याच्याही आधीचा आहे : वर जाणारा जिना आहे कुठे?

सांगलीच्या माधवनगरात वाढलेली स्मृती मानधना नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालील संघात पोचली. २०१३ मध्ये तिने आंतरराष्ट्रीय पदार्पण केले. त्याच वर्षी १९ वर्षांखालील सामन्यात गुजरातविरुद्ध नाबाद २२४ धावा फटकावल्या. तरीही भारतात महिलांची पूर्ण व्यावसायिक लीग सुरू होण्यास २०२३ साल उजाडावे लागले. तिच्या पहिल्या लिलावात स्मृतीला सर्वाधिक ३ कोटी ४० लाख रुपयांची बोली लागली. म्हणजे खेळाडू तयार झाल्यानंतर दहा वर्षांनी बाजारपेठ तयार झाली. त्या दहा वर्षांत किती मुलींनी बॅट खाली ठेवली, याची नोंद कोणत्याही धावफलकावर नाही.

क्रिकेटबाहेरील अनेक खेळांत तर लिलावही नाही. साताऱ्याच्या आदिती स्वामीने ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंड तिरंदाजीचे जागतिक विजेतेपद पटकावले, तेव्हा ती १७ वर्षांची होती. तिचा प्रकार त्या वेळी ऑलिंपिकमध्ये नव्हता. २०२८ च्या लॉस एंजलिस स्पर्धेत केवळ मिश्र सांघिक गटापुरता त्याचा समावेश झाला आहे. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात २४८ किलो वजन उचलले. कोपराला दुखापत झाली आणि अवघ्या एका किलोने सुवर्ण हुकले. वडिलांच्या पानटपरीवर हातभार लावत तो तेथवर पोचला होता.

अपवाद आशादायक आहे. फलटण तालुक्यातील सरडे गावच्या प्रवीण जाधवला जिल्हा परिषद शाळेतील शिक्षकाने हेरले. शेतमजुराचा हा मुलगा शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला, पुढे सैन्यदलात गेला आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये तिरंदाज म्हणून उतरला. शिक्षक, प्रबोधिनी आणि नोकरी या तीन पायऱ्या जुळल्या, म्हणूनच हे घडले.

याच सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी लोकवर्गणीचा आधार घ्यावा लागला होता. कांस्यपदक त्यांनी आणले. व्यवस्थेने त्यापासून फारसा धडा घेतला नाही.

व्यावसायिक लीगची झगमगाट वाढली, तरी ती तयार खेळाडूच विकत घेते. बारा ते अठरा या वयातील आहार, प्रशिक्षक, साहित्य आणि दुखापतीवरील उपचार यांचा भार अजून बहुतांशी आई-वडिलांच्याच खांद्यावर आहे. पदकानंतरच्या बक्षिसापेक्षा त्या सहा वर्षांतील मदत स्वस्त पडेल. सत्कार समारंभातील हारतुरे सुकण्यापूर्वी हा हिशेब कुणीतरी मांडायला हवा.