मत गावाला, पत्ता मुंबईला

राजापूर नावाचा लोकसभा मतदारसंघ आता अस्तित्वात नाही. २००८ च्या फेररचनेत तो पुसला गेला आणि त्याच्या जागी रत्नागिरी-सिंधुदुर्ग आला. पण आमच्या घरातल्या मोठ्या माणसांच्या तोंडी अजून राजापूरच आहे. निवडणुकीचा विषय निघाला की पाचव्या मिनिटाला गाडी बॅरिस्टर नाथ पैंवर येते, तिथून मधु दंडवत्यांवर, आणि मग एक उसासा. "तेव्हाचे मतदारच वेगळे होते रे."

या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे. सांगतो का ते.

आधी थोडा हिशेब. राजापूर मतदारसंघ १९५७ साली पहिल्यांदा मतदानाला उभा राहिला आणि २००४ साली शेवटचा. या काळात लोकसभेच्या तेरा निवडणुका झाल्या. तेरापैकी काँग्रेस किती वेळा जिंकली असेल? एकदा! १९९१ साली, सुधीर सावंतांच्या रूपाने. बाकी बारा वेळा कोणीतरी दुसरा. नाथ पै १९५७, ६२ आणि ६७. दंडवते १९७१, ७७, ८०, ८४ आणि ८९. सुरेश प्रभू १९९६, ९८, ९९ आणि २००४. ज्या महाराष्ट्रात काँग्रेसने दगड उभा केला तरी निवडून येतो असं म्हणायचे, त्या महाराष्ट्रातली ही गोष्ट आहे. १९७१ मध्ये राज्यातल्या ४५ पैकी ४२ जागा काँग्रेसने घेतल्या, तेव्हा दंडवते निवडून आले. १९८४ मध्ये इंदिराजींच्या हत्येनंतरच्या लाटेत ४८ पैकी ४३ गेल्या, तेव्हाही दंडवते. त्या वर्षी राज्यात जनता पक्षाची ती एकुलती एक जागा होती.

चिन्हांची गंमत वेगळीच. दंडवते १९७१ ला प्रजा समाजवादींच्या झोपडीवर, मग जनता पक्षाच्या नांगरधारी शेतकऱ्यावर, आणि १९८९ ला जनता दलाच्या चक्रावर. आमची आजी अक्षरशत्रू होती, पण तिला प्रत्येक वेळी बरोबर कळायचं शिक्का कुठे मारायचा.

हे सगळं ऐकलं की उसासा खराच वाटतो. विचाराला मत देणारा मतदार! पण जरा थांबा. १९६७ च्या गोलकनाथ निकालानंतर नाथ पैंनी घटनादुरुस्तीच्या अधिकाराबद्दल खाजगी विधेयक आणलं, त्यावर देशभर खल झाला. वेंगुर्ल्याच्या बाजारात मासे विकणाऱ्या बाईने ते कलम ३६८ वाचून मत दिलं होतं असं कुणाला म्हणायचं आहे का? आणि दंडवते तर इथले नव्हतेच. जन्म अहमदनगरचा, नोकरी मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवण्याची. नगरच्या प्राध्यापकाला कोकणाने पाच वेळा दिल्लीला पाठवलं ते का?

माझं उत्तर असं आहे. राजापूर मतदारसंघाचा अर्धा भाग नकाशात नव्हताच. तो लालबाग, परळ, गिरगाव, डिलाईल रोडला होता.

घरातला कर्ता पुरुष गिरणीत, गोदीत, नाहीतर बेस्टमध्ये. गावात बायका, म्हातारी आणि पोरं. दर महिन्याला पोस्टमन मनीऑर्डर घेऊन यायचा, आणि मनीऑर्डरच्या कुपनावर चार ओळी असायच्या. कोकणाची अर्थव्यवस्था मनीऑर्डरची, असं सगळेच म्हणतात. त्याच वाटेने राजकारणही येत होतं, हे कमी बोललं जातं. संयुक्त महाराष्ट्राचा लढा मुंबईच्या रस्त्यावर झाला, गोळीबारात गिरणगावची माणसं मेली, आणि १९५७ ला त्याचा निकाल लागला इथे, वेंगुर्ल्यात आणि कणकवलीत. समितीची हवा किती होती बघा. शेजारच्या रत्नागिरी मतदारसंघातून त्या वर्षी जनसंघाचे प्रेमजीभाई आसर निवडून आले. मुंबई गुजरातला जाता कामा नये म्हणून पेटलेल्या निवडणुकीत, नाव ऐकून कुणीही गुजराती म्हणेल असा माणूस! मतदार तेव्हाही नावं बघत नव्हता, आपल्या माणसाने मुंबईत कोणता झेंडा धरलाय ते बघत होता.

१९७१ आणि ७७ चं मतदान मार्चमध्ये झालं, शिमग्याच्या आगेमागे. चाकरमानी पालखीसाठी घरी आलेला असायचा किंवा नुकताच परतलेला असायचा. आणीबाणीत दंडवते बंगळुरूला तुरुंगात होते, प्रमिलाताई येरवड्याला. ही बातमीही गावात आली ती युनियनमधल्या माणसाच्या तोंडून. तेव्हा १९७७ ला कुणाला मत द्यायचं हा प्रश्न आमच्या पडवीत निघालाच नाही म्हणे.

उमेदवार नालायक असते तरी चाललं असतं, असा याचा अर्थ काढू नका. नाथ पैंचं वक्तृत्व ऐकलेली माणसं आजही डोळे मिटून बोलतात. १९७१ च्या जानेवारीत बेळगावला सीमाप्रश्नावरच्या सभेनंतर ते गेले, अवघे अठ्ठेचाळीस वर्षांचे. दंडवत्यांनी रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंचांचा फोम घातला. एवढ्या एका कामासाठी या देशात त्यांचा पुतळा उभारायला हवा, असं रात्रभर बसून प्रवास केलेला कोणीही सांगेल. माझं म्हणणं एवढंच, की चांगली माणसं निवडली गेली ती मुंबईतल्या चळवळीने चांगली माणसं पुढे केली म्हणून. मतदार काही देवमाणूस नव्हता.

नंतर मुंबईच बदलली. १९८२ च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला. त्याचे पुढारी दत्ता सामंत हेही मालवणजवळच्या देवबागचेच. संप मोडला. गिरण्या गेल्या, युनियनची ऑफिसं रिकामी झाली. गिरणगावातली पोरं मग कुठे बसायला लागली? शाखेवर. १९८५ ला शिवसेनेने मुंबई महापालिका जिंकली आणि पाच वर्षांत ती कोकणात उतरली. नारायण राणे चेंबूरचे शाखाप्रमुख, मग नगरसेवक, आणि १९९० ला थेट मालवणचे आमदार. वाट तीच, मनीऑर्डरची. बापाने युनियनचा निरोप पाठवला, मुलाने शाखेचा. १९९१ ला एकदा काँग्रेस येऊन गेली आणि १९९६ पासून प्रभू. तेही चार्टर्ड अकाउंटंट, मुंबईकर. म्हणजे समाजवादी जाऊन शिवसैनिक आले, हा जो 'ऱ्हास' आमचे काका सांगतात, त्यात मतदाराची सवय मुळीच बदललेली नव्हती.

कोकण रेल्वेचं तर नशीबच अजब. मागणी नाथ पैंनी लावून धरली, १९९० ला महामंडळ झालं तेव्हा दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. पूर्ण मार्ग सुरू झाला १९९८ च्या जानेवारीत. तोवर मतदारसंघात समाजवाद्यांचं नाव घ्यायला कोणी उरलं नव्हतं. ज्यांनी गाडी आणली त्यांचा मतदार त्याच गाडीत बसून मुंबईला जाऊन येऊन धनुष्यबाणावर शिक्का मारत होता. असो.

खरा बदल झाला तो २००५ नंतर, आणि तो पक्षांच्या नावावरून कळत नाही. राणे सेना सोडून काँग्रेसमध्ये गेले, आणि पहिल्यांदा कोकणातल्या माणसाला मुंबईचा निरोप आणि गावातला नेता यांत निवड करावी लागली. २००९ ला नव्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात नीलेश राणेंनी प्रभूंना सेहेचाळीस हजारांहून जास्त मतांनी हरवलं. २०१४ ला विनायक राऊतांनी नीलेश राणेंना दीड लाखाने, २०१९ ला पावणेदोन लाखांहून अधिक मतांनी. आणि २०२४ ला नारायण राणे स्वतः कमळावर उभे राहिले आणि राऊतांना ४७,८५८ मतांनी हरवून निवडून आले. कमळाने ही जागा जिंकण्याची ही पहिलीच वेळ.

त्या निकालाचे सहा तुकडे बघा. चिपळूण, रत्नागिरी, राजापूर या तिन्ही विधानसभा मतदारसंघांत राऊत पुढे. कणकवली, कुडाळ, सावंतवाडीत राणे पुढे. जिल्ह्याच्या हद्दीवर सुरीने कापावं तसं. एकाच खासदारासाठी दोन जिल्ह्यांनी दोन वेगवेगळी मतं दिली. आणि सहा महिन्यांत विधानसभेला सहाच्या सहा जागा महायुतीकडे! नीलेश राणे, ज्यांनी २००९ ला हातावर लढून धनुष्यबाण पाडला होता, ते कुडाळमधून धनुष्यबाणावरच आमदार झाले. आता यात 'कोकणी मतदार विचारांचा' हे कुठे बसवायचं ते काकांनी सांगावं. मला यात गावातलं गणित दिसतं. रस्ता कोणी केला, पोराला कोणी चिकटवलं, खाडीवरचा पूल कोणाच्या कामात. मुंबईचा निरोप आता येत नाही, कारण मुंबईत निरोप देणारं कोणी उरलेलं नाही. चाळी पडल्या आणि माणसं विरार-बदलापूरला पांगली.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. आमच्या भावकीत सध्या वाद चालू आहे. गावच्या घराच्या पत्त्यावर मतदार यादीत सहा नावं आहेत. त्या घरात राहते एकटी काकी. बाकीचे पाच जण विरारपासून पुण्यापर्यंत. माझं नाव मी २०१४ लाच ठाण्याला हलवलं, त्यावरून दादा अजून चिडलेला असतो. "नावां काढली तर गावात आपला काय रवला?" असं तो म्हणतो. त्याचं दुखणं मला कळतं. घर आहे, कलमं आहेत, देवळात मान आहे. त्याचं दुसरं म्हणणं असं की आधीच कोकणाच्या जागा कमी झाल्यात. सिंधुदुर्गात विधानसभेच्या चार होत्या, तीन राहिल्या. आपण नावं काढली तर आणखी जातील.

हे दुसरं म्हणणं मात्र साफ चुकीचं आहे. फेररचना मतदार यादीवर होत नाही, जनगणनेवर होते. २००१ ला सिंधुदुर्गात ८,६८,८२५ माणसं होती. २०११ ला ८,४९,६५१. रत्नागिरी जिल्हा १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आला. सगळा महाराष्ट्र वाढत असताना हे दोन जिल्हे आकसले. जनगणनेचा माणूस येतो तेव्हा आमच्या घरात एकच डोकं मोजतो. पुढच्या खेपेलाही तो एकच मोजेल. यादीतली पाच नावं त्या रकान्यात जाणार नाहीत.

आणि पहिलं म्हणणं? कायदा त्याबाबत स्पष्ट आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात लिहिलंय की एखाद्या ठिकाणी केवळ घर मालकीचं आहे म्हणून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. आणि एकापेक्षा जास्त ठिकाणी नाव ठेवता येत नाही. म्हणजे जमिनीला सातबारा आहे, मत नाही.

पण मला कायद्यापेक्षा दुसरी गोष्ट टोचते. नाणारचा रिफायनरी प्रकल्प २०१९ मध्ये रद्द झाला, मग बारसूचा विषय आला, २०२३ च्या एप्रिलमध्ये माती परीक्षणावरून बायका उन्हात कातळावर बसल्या. आमच्या भावकीतही दोन तट होते. प्रकल्प हवा म्हणणारे विरारला आणि नको म्हणणारेही विरारलाच! दोघांचंही आयुष्य त्या निर्णयाने बदलणार नव्हतं. काकीचं बदललं असतं, किंवा तिच्यासारखीचं. पूर्वी मुंबईकराचं मत गावाला चालायचं, कारण त्याच्या पगारावर चूल पेटायची. तो गावाचा खरोखर अर्धा भाग होता. आज काकी स्वतःच्या पेन्शनवर जगते. आम्ही गणपतीला जातो, पाच दिवस जेवतो, येताना कोकम आणि तांदूळ घेऊन येतो. अशा आमच्या पाच मतांनी तिचं एक मत झाकून टाकायचा आम्हाला काय अधिकार?

काकीला विचारलं तर ती हसली. "मत देवक सगळे येतत, पंप बिघडलो की कोण येणा नाय."

पत्ता बदलल्यावर नाव हलवायला फॉर्म ८ लागतो, ऑनलाइन भरता येतो. दादाला मी लिंक पाठवली आहे. त्याने अजून उघडलेली नाही. भावकीतल्या इतर वाचकांना हवी असेल तर कळवा.