माईंचा रिमोट

सोयीसाठीं म्हणून आणलेली वस्तु घरांतल्या एकाची सोय करिते आणि दुसऱ्याची वाट अडविते, हा अनुभव नवा नाहीं. या महिन्यांत ज्या वस्तूविषयीं लिहावयाचें योजिलें आहे, ती हाताच्या पंजाएवढीच आहे. परंतु तिच्यापायीं एका सुशिक्षित घरांत दोन दिवस वाद चाललेला आम्हीं पाहिला. ती वस्तु म्हणजे टीव्हीचा रिमोट.

बुलढाणा जिल्ह्यांत, मुंबई-कोलकाता महामार्गावर, मलकापूर व नांदुरा यांच्या दरम्यान वडनेर भोलजी हें गांव आहे. तेथें आमच्या एका स्नेह्यांचें एकत्र कुटुंब राहतें. दोघे बंधू, दोघी सुना, मुलेंबाळें, आणि सर्वांच्या वडील अशा माई. गेल्या आषाढी एकादशीस आम्ही तेथें मुक्कामास होतों.

त्यांच्या दिवाणखान्यांत टीव्ही, त्याचा सेट टॉप बॉक्स आणि आवाजासाठीं निराळा साउंडबार अशीं तीन यंत्रें, व प्रत्येकाचा रिमोट निराळा. ही कटकट मिटावी म्हणून थोरल्या नातवानें एक युनिव्हर्सल रिमोट आणून त्यांत सर्व योजना भरून ठेविली होती. एक बटण दाबलें कीं तिन्ही यंत्रें एकामागून एक जागीं होत. पंढरपूरची शासकीय महापूजा सह्याद्री वाहिनी थेट दाखविते. ती पाहण्याचा माईंचा नेम. आजवर त्यासाठीं कोणाला तरी झोपेंतून उठवावें लागे. यंदा कोणास न उठवितां आपल्या हातानें पूजा लावावयाची, याचें त्यांना फार अप्रूप होतें.

रात्रीं पाऊस झाला, वीज गेली आणि कांहीं वेळानें परत आली. पहाटे आम्हांला जाग आली, तों माई निळ्या पडद्यापुढें रिमोट हातांत धरून बसलेल्या. पडद्यावर ‘नो सिग्नल’ एवढीं दोनच अक्षरें. बटण दाबलें कीं पडदा काळा होई. पुन्हां दाबलें कीं निळा. “माई, कोणाला हांक कां मारली नाहींत?” असें आम्हीं विचारलें. त्या म्हणाल्या, “दिवसभर दमतात बिचारीं. माझ्याच हातून कांहीं चुकलें असेल.” तोंवर पूजा संपली होती.

चूक माईंची नव्हती. ती कोणाची होती हें कळण्यास रिमोटचें अंतरंग थोडें पाहिलें पाहिजे.

रिमोट म्हणजे एक बारीकसा दिवा. त्याचा प्रकाश अवरक्त असल्यामुळें आपल्या डोळ्यांस दिसत नाहीं. मोबाइलच्या कॅमेऱ्यांतून, विशेषतः पुढच्या, पाहिल्यास तो लुकलुकतांना बहुधा दिसतो. रिमोट चालतो कीं नाहीं हें पाहण्याची हीच सोपी युक्ति. हा प्रकाश सेकंदाला सुमारें 38 हजार वेळां लुकलुकतो आणि त्याच्या लहानमोठ्या झोतांतून आज्ञा जाते. प्रत्येक कारखानदाराची सांकेतिक भाषा निराळी, म्हणून एकाचा रिमोट दुसऱ्याच्या यंत्रास कळत नाहीं. अमेरिकेंतील झेनिथ कंपनीनें 1950 सालीं काढलेला रिमोट टीव्हीस तारेनें जोडलेला असे. त्याच कंपनीच्या रॉबर्ट ॲडलर यांनीं 1956 सालीं आणलेल्या रिमोटांत सेलच नव्हते. बटण दाबलें कीं आंतल्या ॲल्युमिनियमच्या कांडीवर हातोडी पडे आणि मनुष्याच्या कानास ऐकूं न येणारा नाद टीव्हीपर्यंत जाई. अवरक्त प्रकाशाची पद्धत त्यानंतर रूढ झाली. निरनिराळ्या यंत्रांच्या भाषा शिकणारा रिमोट स्टीव्ह वॉझ्नियाक यांनीं 1987 सालीं बाजारांत आणला.

आतां माईंच्या निळ्या पडद्याकडे वळूं. पुष्कळशा यंत्रांत ‘चालू हो’ व ‘बंद हो’ अशा दोन निराळ्या आज्ञा रिमोटवर नसतात. एकच आज्ञा असते: ‘असशील त्याच्या उलट हो.’ रात्रीं वीज परत आली तेव्हां बॉक्स आपोआप जागा झाला आणि टीव्ही निजलेलाच राहिला. माईंनीं बटण दाबलें. टीव्ही उठला, बॉक्स निजला. पुन्हां दाबलें, बॉक्स उठला, टीव्ही निजला. शंभर वेळां दाबलें असतें तरी दोघांची गांठ पडती ना! आणि असा रिमोट केवळ बोलतो, ऐकत नाहीं. आपल्या आज्ञेचें पुढें काय झालें, हें त्याला कळत नाहीं.

सकाळीं चहाच्या वेळीं वादास तोंड फुटलें. नातवाचें म्हणणें, याहून भारी यंत्र आणावें, किंवा मोबाइलचाच रिमोट करावा. थोरल्या बंधूंचें म्हणणें, जुने तीन रिमोट काय वाईट होते? धाकट्या सूनबाई इतका वेळ ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “भाऊजी, माई रोज कोणतीं बटणें दाबतात, हें कोणीं पाहिलें आहे काय?” कोणींच पाहिलें नव्हतें. मग माईंनाच विचारलें. टीव्ही लावणें-बंद करणें, आवाज कमी-अधिक करणें आणि वाहिनी पुढेंमागें नेणें, एवढेंच त्यांचें काम.

आमच्या मतें निवडीची सुरुवात येथूनच व्हावी. दुकानांत मिळणारे प्रकार मुख्यतः चार. पहिला, यादींतून कंपनीचा आंकडा भरावयाचा. हा स्वस्त असतो, परंतु अपरिचित कंपनीचा बॉक्स त्याच्या यादींत असेलच असें नाहीं. दुसरा, शिकणारा, जुना रिमोट त्याच्यासमोर दोन बोटांच्या अंतरावर धरून एकेक बटण दाबावें, म्हणजे तो तें उचलतो. यास कंपनीच्या नांवाची अडचण नाहीं. मात्र ब्लूटूथवर चालणाऱ्या रिमोटची आज्ञा त्याला शिकतां येत नाहीं. ती प्रकाशाची भाषाच नव्हे. तिसरा, एका बटणांत अनेक आज्ञा गुंफणारा. ज्या यंत्रांना ‘चालू’ आणि ‘बंद’ या आज्ञा निराळ्या आहेत, त्यांच्यासाठीं तो उत्तम. एरवीं वीज गेली-आली कीं माईंचा प्रसंग ठरलेला. शिवाय कांहींची मांडणी इंटरनेटवरून करावी लागते. लॉजिटेक कंपनीचे ‘हार्मनी’ रिमोट या प्रकारांत नांवाजलेले होते. कंपनीनें 2021 च्या एप्रिलांत त्यांचें उत्पादन थांबविल्याचें जाहीर केलें. चौथा, मोबाइल. कांहीं मोबाइलांत अवरक्त दिवा असतो व सोय होते. पण मोबाइल धन्याबरोबर खामगांवला गेला, म्हणजे घरीं बसलेल्या माणसानें काय करावें?

वडनेरच्या मंडळींनीं अखेर दुसरा प्रकार घेतला. मोठ्या, उठावदार बटणांचा, अंधारांत बोटांनीं चांचपून कळणारा. त्यांत टीव्हीच्या रिमोटवरून चालू-बंद करण्याचें, साउंडबारच्या रिमोटवरून आवाजाचें आणि बॉक्सच्या रिमोटवरून वाहिन्यांचें बटण शिकविलें. बॉक्स चालू-बंद करण्याचें बटण मुद्दाम शिकविलेंच नाहीं. बॉक्स व साउंडबार भिंतीवरच्या एकाच खटक्यावर ठेविले. खटका दाबला कीं दोन्ही आपोआप उठतात; मग रिमोटनें एकट्या टीव्हीस उठवावयाचें. कांहीं यंत्रें वीज आल्यावरही निजलेलींच राहतात; म्हणून ही योजना करण्यापूर्वीं आपलीं यंत्रें कशीं वागतात, हें एकदां खटका बंद-चालू करून पाहावें.

आणखी दोन सूचना. रिमोट घेतांना दुकानांतच कांहीं बटणें शिकवून सेल काढावेत आणि पुन्हां घालावेत. शिकविलेलें विसरणारा रिमोट परत करावा. आणि जुने रिमोट टाकून देऊं नयेत; सेल काढून, कोणता कशाचा तें चिठ्ठीवर लिहून डब्यांत ठेवावेत. नवा बिघडला तर शिकविणारा गुरु घरांत हवा.

नातवाचा भारी रिमोट त्याच्या खोलींत गेला असून तेथें तो सुखानें चालतो. त्यालाही आम्ही नांवें ठेवीत नाहीं. घरांतील यंत्र घरांतील सर्वांत थकल्या हातास चालवितां यावें, एवढेंच आमचें मागणें.

मागच्या आठवड्यांत सूनबाईंचा फोन आला होता. त्या दिवशीं दुपारीं वीज जाऊन आली, सगळीं आपापल्या कामांत होतीं. तेवढ्यांत दिवाणखान्यांतून माईंची हांक आली, “कीर्तन लागलें आहे ग, येतेस का ऐकायला?”