संशोधनाची पदवी हवी, तर प्रयोगशाळाही हवी

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२च्या आराखड्यानुसार चार वर्षांच्या ‘ऑनर्स, संशोधनासह’ या पदवीसाठी १६० श्रेयांक लागतात. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्यांनाच चौथ्या वर्षी हा मार्ग निवडता येतो. त्यांना १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प करावा लागतो. पुढे पदव्युत्तर पदवीविना थेट पीएच.डी.चे दारही उघडू शकते.

योजना स्वागतार्ह आहे. परंतु दोन शंका उरतात. पहिली गुणांच्या अटीविषयी. आपल्या परीक्षा प्रामुख्याने स्मरणशक्ती जोखतात. फसलेला प्रयोग दहाव्यांदा मांडण्याची चिकाटी गुणपत्रिकेत उमटत नाही. ७२ टक्क्यांच्या जिज्ञासू विद्यार्थ्याला प्रकल्पाच्या आराखड्यावर आणि मुलाखतीवर संधी का मिळू नये?

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. विभागात पीएच.डी.चे किमान दोन मान्यताप्राप्त कायम मार्गदर्शक, सुसज्ज प्रयोगशाळा आणि नियतकालिके असावीत, अशी अपेक्षा आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने २०११मध्ये अशी चार वर्षांची पदवी सुरू केली, तेव्हा हे सारे तिच्यापाशी होतेच. तालुक्याच्या महाविद्यालयात, जिथे प्राध्यापकांची पदेच रिक्त असतात, ते कोठून येणार? विद्यापीठे आणि राष्ट्रीय प्रयोगशाळांनी आपली दारे या विद्यार्थ्यांसाठी उघडली नाहीत, तर गुणवत्ता असूनही केवळ पत्त्यामुळे ते मागे पडतील.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, प्रवेशापूर्वी अवश्य विचारा : मार्गदर्शक कोण, उपकरणे कोणती आणि प्रयोगशाळा किती वाजेपर्यंत उघडी असते?